फुकटची गोष्ट सगळ्यात महाग

मुलांसाठी कथामालिका करायचं ठरलं तेव्हा पहिल्याच बैठकीत निर्मात्यांनी हिशेब मांडला. १३ भाग, प्रत्येक भागाला वेगळी गोष्ट. त्यातल्या बऱ्याचशा जुन्या लेखकांच्या, म्हणजे ज्यांच्यावर आता कोणाचा हक्क नाही अशा, आणि थोड्या आजच्या लेखकांच्या. जुन्यांना मानधन द्यायचं नाही, तेवढीच बचत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मालिका पूर्ण होईपर्यंत हा हिशेब पार उलटा झाला होता.

गोष्टी निवडणं, त्यांचे हक्क मिळवणं आणि पटकथा वेळेत येतात की नाही यावर डोळा ठेवणं हे माझं काम. हल्ली कुणी ना कुणी फोन करून विचारतं, 'आम्हालाही असं काही करायचंय, कुठून सुरुवात करू?' त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात तारखांपासून करा. कॉपीराइटसाठी लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. २०१० साल संपलं आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सर्वांना खुलं झालं. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचं लेखन १९९१ च्या अखेरीस खुलं होणार म्हणून ती १० वर्षांनी वाढवली गेली. प्रेमचंद १९३६ साली गेले, त्यामुळे ते या वाढीव मुदतीत सापडलेच नाहीत. त्यांच्या कथा १९८७ पासून मोकळ्या आहेत.

इथवर सोपं आहे. पण मूळ गोष्ट मोकळी झाली म्हणून तिचा मराठी अनुवाद मोकळा होत नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा, त्याची साठ वर्षं वेगळी. पुस्तकातल्या चित्रांचं तसंच. आमच्या टायटल करणाऱ्या मुलाला एका जुन्या आवृत्तीतली रेखाचित्रं फार आवडली होती. चित्रकार कधी गेले ते शोधलं आणि ती बाजूला ठेवावी लागली. प्रेमचंदांसाठी आम्ही नियमच केला: पटकथा हिंदी मुळावरून लिहायची, टेबलावर एकही मराठी अनुवाद ठेवायचा नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते ना जुन्या ना नव्या अशा लेखकांनी. सत्तरच्या दशकात गेलेले एक लेखक होते. प्रकाशकाला लिहिलं तर 'हक्क आमच्याकडेच आहेत' असं उत्तर आलं. कराराची प्रत मागवली, तर तिच्यात फक्त पुस्तक छापण्याचे हक्क. चित्रीकरणाचा उल्लेखच नाही. म्हणजे वारस गाठणं आलं. एक बेळगावात, एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि चौथे वारले असल्यामुळे त्यांच्या पत्नी आणि मुलं. बेळगावचे काका पत्र मिळताच सही करायला तयार होते. 'बाबांची गोष्ट पोरं बघतील, आणखी काय पाहिजे?' पुण्याच्या ताईंना भावाआधी सही करायची नव्हती. अमेरिकेतल्या वारसाचं मुखत्यारपत्र वकिलातीतून येईपर्यंत आमचं निम्मं शूटिंग उरकलं होतं. गोष्ट अखेर मिळाली, पण तोवर तिच्यासाठी निवडलेला मुलगा इतका उंच झाला की दुसरा शोधावा लागला.

लहानपणी १९८६ सालची, आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरची 'मालगुडी डेज' बघताना तिच्यामागचं शहाणपण कळलं नव्हतं. गोष्टी निरनिराळ्या, पण गाव एकच. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात ती उभी केली. तोच रस्ता, तीच घरं, आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं सगळ्यांना एका माळेत ओवायला. लेखक एकच असण्याचा हा केवढा फायदा! आमच्याकडे १३ लेखक, म्हणून १३ गावं. सोमवारी कोकणातलं घर लावायचं आणि पुढच्या सोमवारी ते मोडून मराठवाड्यातली शाळा. नेहमीच्या मालिकेत एकदा सेट उभा राहिला की वर्षभर निभतो. कथामालिका म्हणजे दर आठवड्याला नव्याने लग्नघर उभं करायचं. मांडव, आचारी, पाहुणे, रुसवेफुगवे, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चॅनेलने यावर सुचवलेला उपाय होता सूत्रधार. एक प्रेमळ आजोबा दर भागाच्या सुरुवातीला येऊन गोष्ट सांगायला बसतील. माझा विरोध होता आणि अजूनही आहे. पडद्यावर गोष्ट सांगणारे आजोबा आले की मुलांना कळतं, आता आपल्याला काहीतरी शिकवणार. आजोबा गेले, टायटल ट्रॅक राहिला.

'श्यामची आई'मधली पत्रावळीची गोष्ट घेतली होती. मानधनाच्या रकान्यात शून्य. मग लोकेशन शोधायला सुरुवात झाली. जुनं घर मिळतं, पण त्याच्यासमोर विजेचा खांब असतो, छपरावर डिश असते, अंगणात पेव्हर ब्लॉक असतात. घरमालकांनी प्रेमाने, स्वतःच्या पैशांनी बसवलेले. वाई-मेणवलीकडे जुने वाडे आहेत, तिथल्या लोकांना शूटिंगची सवयही आहे. पण देशावरचा वाडा कोकणातलं घर म्हणून खपवायला आर्ट डायरेक्टर तयार नव्हता. आणि त्याचं बरोबर होतं. शेवटी घर कोकणातच घेतलं, पेव्हर ब्लॉकवर माती पसरून अंगण सारवलं, आणि शूटिंग झाल्यावर ती माती धुऊन काढायचे पैसे वेगळे मोजले.

पत्रावळ लावायचा सीन हा त्या भागाचा प्राण. मुलाने ती पडद्यावर खरंच लावायला हवी. आमच्या युनिटमध्ये एकालाही येत नव्हती. गावातल्या एका आजींनी शिकवली. पाने कशी निवडायची, देठ कुठे खुडायचा, चोय, म्हणजे पानं टाचायची काडी, किती बारीक हवी. त्या सेटवर मुलाजवळ येऊन बसल्या, 'अरे, पान फाटतंय, हात हलका ठेव' म्हणत. पटकथेत नसलेली दोन वाक्यं त्यांच्या तोंडून सरळ भागात आली. सगळ्या मालिकेत माझा हा सर्वांत आवडता भाग आहे. खर्चात तो दुसरा आला.

पहिला आला प्रेमचंदांच्या 'ईदगाह' गोष्टीचा भाग. तीसुद्धा फुकटच.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बापडा हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. सोबतचे मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात; तो आजीसाठी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरून पोळी काढताना तिचे हात भाजतात. आम्ही ती आजच्या मराठवाड्यात आणली. तीन पैशांच्या झाल्या दहाच्या तीन नोटा. आज घरोघरी गॅस, मग हात भाजतील कसे, अशी शंका पटकथालेखकाला आली. त्याला एका गावात नेलं. बाजरीची भाकरी आजही चुलीवरच होत होती आणि ती निखाऱ्यावर उलटताना बोटं आजही पोळत होती. खेळण्यांचा प्रश्न अवघड निघाला. गोष्टीत घरी पोचताच मातीचा भिश्ती फुटतो, म्हणून चिमटा जिंकतो. आज मेळ्यात मातीची खेळणी शोधून सापडत नाहीत, आणि प्लास्टिकची बंदूक मोडली तरी फुटल्याचा आवाज तिला नसतो. शेवटी बॅटरीवर चालणारी गाडी घेतली, जी घरी येईपर्यंत बंद पडते. प्रेमचंदांना चाललं असतं का, हे विचारायला ते नाहीत. नेमकं हेच अशा गोष्टींचं दुखणं.

पण पैसा गेला तो मेळ्यात. खऱ्या ईदच्या गर्दीत जाऊन शूट करावं असं कोणीतरी म्हणालं. सणाला आलेल्या माणसांना 'परत एकदा' कसं म्हणणार? मेळा उभारायचा ठरला. पाळणा, दुकानं, माणसं, आणि मुलं. मुलं आली की त्यांचे नियम आले.

हे नियम मी निर्मितीतल्या प्रत्येकाला पाठ करायला लावले होते. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला आणि २०१७ मध्ये त्याचे सुधारित नियम आले. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. शिक्षणात खंड पडणार नाही याची सोय. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर काम नाही. आणि ज्या जिल्ह्यात चित्रीकरण, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी: हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती.

ज्या जिल्ह्यात, हे शब्द नीट वाचा. एका गावात होणाऱ्या मालिकेला एक फाइल पुरते. आमची गोष्ट बदलली की जिल्हा बदलायचा, आणि दर वेळी नवं कार्यालय, नवा टेबल. अर्ज कुठल्या शाखेत द्यायचा यावर एका ठिकाणी तिथल्याच दोन कारकुनांचं एकमत होईना. माझा सल्ला: कॉल शीट, म्हणजे कोणी कधी सेटवर यायचं त्याचं वेळापत्रक, नंतर करा, आधी अर्ज टाका. आणि नियमांची छापील प्रत बरोबर ठेवा. पुष्कळदा समोरच्या माणसाकडे असा अर्ज पहिल्यांदाच आलेला असतो आणि त्याला मदत करायची असते.

मेळ्यात ४० मुलं, म्हणजे आठ जबाबदार माणसं. पाच तासांत मेळ्यातला उजेड दोनदा बदलतो. मुदत ठेवीचा प्रकार तर गमतीचा झाला. एका दिवसाच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मानधनाचा पाचवा हिस्सा बँकेच्या किमान ठेवीपर्यंतही पोचेना. बँकेतल्या बाई म्हणाल्या, 'एवढ्याशा रकमेची एफडी होत नाही.' निर्मात्यांनी डोक्याला हात लावला आणि मानधनच वाढवलं. मला या कायद्याबद्दल आदर वाटायला लागला तो त्या दिवसापासून. एरवी त्या मुलांना वडापाव आणि टोपी देऊन घरी पाठवलं असतं.

आता आजच्या लेखकांकडे येते. त्यातल्या एक मराठवाड्यातल्या निवृत्त शिक्षिका. गोष्ट ऊसतोड मजुरांच्या मुलाची: दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर साखर कारखान्याच्या भागात जातो, उन्हाळ्याच्या तोंडावर परततो, तोवर वर्गातल्या त्याच्या जागेवर दुसरा बसलेला असतो.

चॅनेलचा ठरीव करार त्यांच्याकडे पाठवला. सर्व हक्क, संपूर्ण विश्वात, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. बाईंनी प्रत्येक कलमासमोर पेन्सिलने प्रश्न लिहून परत पाठवला. 'संपूर्ण विश्वात'समोर लिहिलं होतं, 'म्हणजे कुठे?' लेखकांनी इथे एवढं लक्षात ठेवावं की हक्क देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने झुकलेला आहे; करार मात्र समोरच्याच्या वकिलाने लिहिलेला असतो. आमच्या करारात शेवटी मुदत आली, भाषा आल्या, आणि पटकथा बाईंना दाखवण्याचं कलम आलं. वकील नाराज होता. मी नव्हते.

ऊसतोड मजुरांच्या झोपडीला कोपी म्हणतात. पटकथा वाचून बाईंचा फोन आला. 'अहो, तुमच्या तिसऱ्या सीनमध्ये कोपीचं दार वाजतंय. कोपीला दार असतं का? वाकून आत शिरायचं असतं.' दार गेलं. त्याबरोबर दार उघडून आत येण्याचा, दार लावून रडण्याचा असे आमचे सगळे सीनही गेले. मग त्या मुलाला एकटं रडायला जागाच नाही हे लक्षात आलं, आणि तोच त्या भागाचा सर्वांत चांगला सीन झाला.

शेवटावरून मात्र जुंपली. गोष्टीत त्याला जागा परत मिळत नाही. तो मागच्या भिंतीशी जाऊन बसतो आणि दप्तर उघडतो. चॅनेलचं म्हणणं, मुलांसाठी आहे, जागा मिळू द्या, वर्ग टाळ्या वाजवू दे. बाई म्हणाल्या, 'माझ्या वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.' लेखनाची विकृती होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही लेखकाकडे उरतो, हे मी चॅनेलच्या बैठकीत फक्त वाचून दाखवलं. शेवट राहिला. जाहिराती वजा जाता हाती उरणाऱ्या बावीस मिनिटांत तो बसवायला मधला एक प्रसंग कापला. तो कोणता कापायचा हेही बाईंनीच सांगितलं.

हा भाग सगळ्यात स्वस्तात झाला. शाळा खरी, ऊस खरा, मुलं त्याच भागातली, कपडे त्यांचेच. बाईंचं मानधन धरूनही 'ईदगाह'च्या नुसत्या पाळण्याच्या आणि दुकानांच्या खर्चाहून कमी.

दुसऱ्या हंगामाची यादी मी सध्या करते आहे आणि या वेळी तिच्यात हयात लेखक जास्त आहेत. निर्मात्यांना वाटतं मी पैसे वाचवते आहे. त्यांचा समज मी मोडलेला नाही.

ऊसतोडीचा भाग लागला त्या रात्री बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मुलाने चांगलं काम केलंय, ऊस मात्र फार हिरवा दाखवलात. आणि मानधनातून टीडीएस कापलाय, त्याचा सोळा-ए फॉर्म कधी पाठवताय?