लॉकडाऊनमधला आमचा पापड-बिबड्यांचा सीझन आणि तो पास (माझा अनुभव)

आमचं जळगाव जिल्ह्यात उन्हाळी वाळवणाचं घरचंच काम आहे, उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया. होळी झाली की सुरू आणि पाऊस पडायच्या आत बंद, वर्षाची कमाई तेवढ्याच दिवसांत. 2020 ला होळीनंतर आबांनी उडीद डाळ भरून ठेवली, काम जोरात लागलं आणि 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, सगळा देश बंद. आखाजी (अक्षय्य तृतीया) 26 एप्रिलला होती. खान्देशात आखाजी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, पण त्या वर्षी लेकी माहेरी येऊ शकत नव्हत्या, लग्नं पुढे ढकललेली, म्हणजे रुखवताच्या ऑर्डरीही गेल्या. आई रोज डाळीच्या पोत्यांकडे बघून एकच म्हणायची, "आते काय करो?"

माल बनवायचं कोडं लवकर सुटलं. एरवी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात बसून पापड लाटतात, ते बंद करावं लागलं. मग वहिनीने पीठ कुटून, तोलून ज्याच्या त्याच्या घरी द्यायला सुरुवात केली आणि संध्याकाळी पापड तोलून परत घ्यायचे, मजुरी किलोवर. बिबड्या मात्र घरच्यांनीच गच्चीवर घातल्या, जुन्या धोतरावर थापायच्या आणि वाळल्या की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, मग ती अलगद सुटते, नाहीतर तुकडे हातात येतात. ऊन तर आपल्याकडे काय, भरपूर.

खरा अडकलो तो गाडीच्या पासपाशी (लॉकडाऊनमध्ये गाडी बाहेर न्यायची परवानगी). आमचं गिऱ्हाईक निम्मं नाशिकला, निम्मं पिंपरी-चिंचवडला, सगळी आपलीच खान्देशी माणसं. फोनवर ऑर्डरी येत होत्या, लोक घरात बसलेले, त्यांना पापड हवेच होते, काहींनी तर फोनपेवर पैसे आधी टाकले. गावातल्याच एकाचा छोटा हत्ती (छोटा टेम्पो) ठरवला. पण धुळे जिल्ह्याच्या हद्दीवर नाका, पुढे मालेगाव, तिथे तर तेव्हा कोरोनाची फारच वाईट परिस्थिती, आणि ड्रायव्हर म्हणे पास असल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही. त्याचंही बरोबर होतं, गाडी जमा झाली तर त्याचं पोट कोण भरणार.

म्हणून ऑनलाइन अर्ज केला. फॉर्म इंग्रजीतच भरायचा, फोटो 200 केबीच्या आत, सगळी कागदपत्रं एकाच फाईलमध्ये आणि ती पण 1 एमबीच्या आत. गावात नेटची बोंब, चढता चढता तुटायचं. शेवटी टोकन नंबर आला (तो लगेच कागदावर लिहून ठेवायचा, पुढे सगळं त्याच्यावरच निघायचं) आणि मग नुसती वाट. नंतर उत्तर आलं, नामंजूर. कारण काही नाही. परत भरला, परत तेच. मग चौकशीला एका ऑफिसात गेलो, उन्हात गोल आखलेले, त्यात उभं राहायचं, खिडकीशी नंबर लागला की साहेब जेवायला गेलेले. एकदा कसाबसा समोर पोचलो तर कागद न बघताच म्हणे पापड अत्यावश्यक नाही, पापडावाचून कोणी मरतं का. मी म्हटलं साहेब, खाण्याचीच वस्तू आहे, आणि ज्या घरांत आम्ही लाटायला देतो त्यांची चूल आत्ता यावरच पेटते आहे. तर म्हणे दुसऱ्या टेबलावर जा. दुसरं टेबल म्हणे हे आमच्याकडे नाही. ते आठवलं की आजही डोकं तापतं, कारण त्या वेळी आम्हाला पासची गरजच नव्हती आणि हे तिथल्या एकानेही सांगितलं नाही!

हे कळलं कसं, तर चुलतभाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे, त्याने केंद्राच्या गृह मंत्रालयाची पत्रं व्हॉट्सअॅपवर पाठवली. 29 मार्चच्या पत्रात स्पष्ट होतं की मालवाहतुकीत अत्यावश्यक आणि बाकीचा माल असा फरक करायचा नाही. 12 एप्रिलच्या पत्रात तर आणखी स्वच्छ, ड्रायव्हर आणि सोबत एक जण, ड्रायव्हरकडे लायसन्स पाहिजे, वेगळी परवानगी लागत नाही, आणि रिकामी परत येणारी गाडीसुद्धा अडवायची नाही. हे रिकाम्या गाडीचं फार महत्त्वाचं होतं, कारण ड्रायव्हरला खरी भीती परतीचीच होती.

झेरॉक्सची दुकानं बंद, एका शिक्षकांच्या घरच्या प्रिंटरवर दोन्ही पत्रं काढली. त्यांना जोडून अन्न परवान्याच्या नोंदणीचा कागद, मालाचं बिल आणि गिऱ्हाइकांची यादी. तो अन्न नोंदणीचा कागद ज्यांनी काढला नसेल त्यांनी आधी काढा, तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर फी फक्त 100 रुपये वर्षाला होती, आणि पापड खाण्याची वस्तू आहे हे सांगायला त्याच्याइतका पक्का कागद दुसरा नाही.

हद्दीवरच्या नाक्यावर हवालदाराने ओळ न ओळ वाचली, वरच्या साहेबांना फोन लावला, आणि जाऊ दिलं. मी सोबतच होतो, मला अक्षरशः भरून आलं. मालेगावात कुठे थांबलो नाही, रात्री नाशिक. पुण्याकडचा माल तिथूनच दुसऱ्या गाडीने गेला. आखाजीला थोडा उशीर झाला पण पावसाच्या आत घर रिकामं झालं आणि बायकांची मजुरी एकीचीही राहिली नाही, याचा आबांना फार अभिमान आहे.

2021 च्या एप्रिलमध्ये परत निर्बंध आले तेव्हा तीच फाईल काढली, फक्त नवे आदेश वर लावले. दर वेळी नवीन आदेशच काढून घ्यावे लागायचे, जुन्याला नाक्यावर कोणी विचारायचं नाही. आणि हो, गाडी भरताना पापड खाली, कुरडया सगळ्यात वर ठेवायचो, नाक्यावर खोकी उघडून बघायचे आणि परत ठेवताना कोणी जपून ठेवायचं नाही.