डाउनच्या वहीची प्रगती : साठचं दशक हातावेगळं

मंडळी, उत्तर आयर्लंडमधल्या डाउन काउंटीच्या गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) संघाची साल-दर-साल वही लिहायला घेतली होती, त्यातला साठच्या दशकाचा भाग पुरा झाला.

सगळ्यात जास्त वेळ 1960 ने खाल्ला, आणि ते वर्ष आहेच तसं. त्याआधी उत्तर आयर्लंडमधल्या एकाही काउंटीने सॅम मॅग्वायर चषक, म्हणजे अखिल आयर्लंड विजेतेपदाचा चषक, जिंकला नव्हता. आर्माघ 1953 च्या अंतिम सामन्यात केरीकडून हरला, डेरी 1958 मध्ये डब्लिनकडून. अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या कॅव्हनने तो आधी जिंकला होता खरा, पण कॅव्हन सीमेच्या दक्षिणेला, आयर्लंड प्रजासत्ताकात. डाउनने अल्स्टरचं विजेतेपदच पहिल्यांदा मिळवलं ते 1959 मध्ये. आणि पुढच्याच वर्षी चषकाच्या अंतिम सामन्यात, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, समोर केरी!

उत्तरार्धात जेम्स मॅकार्टनने लांबून उंच चेंडू टाकला. तो केरीचा गोलरक्षक जॉनी कलोटीच्या हातून निसटून जाळ्यात गेला. पाठोपाठ पॅडी डोहर्टीने पेनल्टीवर दुसरा गोल केला. 2-10 विरुद्ध 0-8 (आधी गोल, मग एकेरी गुण). कर्णधार केव्हिन मसेन आणि त्याच्या संघाने चषक सीमेपलीकडे नेला. याला नशीब म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. काउंटी मंडळाचे सचिव मॉरिस हेझ यांनी या चषकासाठी दहा वर्षांची योजना आखली होती. शिवाय 1961 मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा केरीला हरवून डाउनने चषक राखला. ऑफलीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्याला 90,556 प्रेक्षक होते. क्रोक पार्कवरचा तो विक्रम आजही कायम आहे.

या टप्प्यात वहीत एक रकाना वाढवला : गोलाचे तीन गुण धरून एकूण बेरीज. 2-10 आणि 0-8 अशा नोंदीवरून फरक चटकन कळत नाही, बेरजेत कळतो. 1960 ला 16-8, 1961 ला 15-14, 1968 ला पुन्हा केरीविरुद्ध 18-16. पुढची पानं कोरी असली तरी हा रकाना शेवटपर्यंत भरून ठेवला आहे. 1991 मध्ये मीथविरुद्ध 19-17, 1994 मध्ये डब्लिनविरुद्ध 15-13. पाच अंतिम सामने, पाचही जिंकलेले, आणि पहिला सोडला तर सगळे एक-दोन गुणांनी! सहावा 2010 चा, तो कॉर्ककडून गेला, तोही एकाच गुणाने, 15-16. चुरशीच्या शेवटच्या मिनिटांत खेळाडूंचा धीर सुटू न देणं हीच या संघाची खरी परंपरा, असं माझं ठाम मत झालं आहे.

सत्तर-ऐंशीचं दशक थोडक्यात आटोपणार आहे. मग पीट मॅकग्रा प्रशिक्षक असतानाची वर्षं. तिथे 1994 च्या अंतिम सामन्याआधी त्याच वर्षीच्या अल्स्टर पहिल्या फेरीला, डेरीत गतविजेत्या डेरीला हरवलं त्या सामन्याला, स्वतंत्र पान देणार आहे.