एक कोटीचं वजन आणि एकसष्ट नोटा

पटकथेत ओळ होती : ‘ती पाच कोटींची ब्रीफकेस उचलून धावत जिना उतरते.’ अशी ओळ आली की माझ्यासारख्या, प्रॉप्स म्हणजे सीनमधल्या वस्तू सांभाळणाऱ्याला आधी हिशोब मांडावा लागतो. पाचशेची एक नोट साधारण १.१५ ग्रॅमची. एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, शंभर-शंभर नोटांची २०० बंडलं, वजन २३ किलो. पाच कोटींचे ११५ किलो झाले. ४५ बाय ३२ बाय १० सेंटिमीटरच्या ब्रीफकेसमध्ये एका थरात बारा बंडलं बसतात. नवं बंडल सुमारे १.१ सेंटिमीटर जाड असतं, म्हणजे नऊ थर, १०८ बंडलं. चोपन्न लाख झाले की झाकण लागत नाही.

दोन हजारची नोट होती तेव्हा असल्या पटकथा निभावून जायच्या. पाच कोटी एका मोठ्या ट्रॉली बॅगेत मावायचे, वजनही तीस किलोच्या आसपास. शिवाय तो किरमिजी रंग निऑनच्या उजेडात फार देखणा दिसायचा, कॅमेरामन लोक त्यावर खूश असत. १९ मे २०२३ ला ती नोट चलनातून मागे घेतल्याची घोषणा झाली आणि गोष्ट तर आजची होती. पाचशेची नोट दगडी करड्या रंगाची. सोडियमच्या पिवळ्यात ती मळकट दिसते, निळ्या निऑनमध्ये कागदच वाटते. बऱ्याच वादानंतर रक्कम एक कोटीवर आणि ब्रीफकेस केबिन ट्रॉलीवर आली.

गोष्ट थोडक्यात अशी. रोकड मोजणाऱ्या कंपनीत नोटा मोजणारी एक मुलगी, तिथल्याच व्हॅनचा एक ड्रायव्हर, दोघांचं प्रेम आणि चोरलेला एक कोटी. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधल्या गल्लीत, पावसानंतरच्या रात्री त्यांची बॅग फाटते आणि नोटा उडतात. माझा सगळा जीव त्या एका सीनमध्ये होता.

बॅगेचं वजन ही माझी पहिली मागणी. ७५ जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागदाचं एक रीम, म्हणजे पाचशे पानांचा गठ्ठा, २.३ किलोच्या वर भरतं, म्हणजे दहा रीम भरली की जवळजवळ बरोब्बर एक कोटी. नट रिकामी बॅग ‘जड’ असल्याचा अभिनय करतात तेव्हा खांदा खाली जातो, पण दुसरा हात लांब जात नाही, पाऊल रुंद पडत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, तरी खोटं वाटतंच. आमच्या नायिकेने दहा रीम भरलेली बॅग घेऊन जिना उतरायची तयारी दाखवली, याचं मला मनापासून कौतुक आहे. नायकाने सहा रीम काढायला लावली.

आता नोटा. बॅगेत दिसायच्या बंडलांना फक्त वरची नोट छापील लागते, आत कोरा कागद चालतो. उडणाऱ्या नोटांची गोष्ट वेगळी. हवेत त्या उलटतात, म्हणून दोन्ही बाजू छापाव्या लागतात आणि धोका तिथेच सुरू होतो. ग्लॉसी आर्ट पेपर चालत नाही, लाइटखाली चमकतो. शंभर जीएसएमचा अनकोटेड कागद बरा. इंकजेटवर छापलं तर ओल्या रस्त्यावर शाई सुटते, पाच मिनिटांत लगदा होतो, त्यामुळे ऑफसेटच. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानेच खाली पडतात. म्हणून त्या आधी चुरगळायच्या, फिक्या चहात बुचकळून वाळवायच्या, मग हाताने मोकळ्या करायच्या.

कायद्याचं मी सेटवर प्रत्येकाला सांगतो. नोटेसारखा दिसणारा कागद बनवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली ३०० रुपयांपर्यंत दंड आहे. हा आकडा ऐकून प्रॉडक्शनवाले हसतात. पण तोच कागद खऱ्याची नक्कल ठरला तर कलम १७८ लागतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणून माझ्या नोटेचा आकार खऱ्या १५० बाय ६६ मिलिमीटरऐवजी १३५ बाय ५९, चेहरा वेगळा, बँकेचं नाव वेगळं, सगळ्यांवर एकच नंबर आणि दोन्ही बाजूंना ‘फक्त चित्रीकरणासाठी’. दिग्दर्शकाला ही अक्षरं नको होती, आजचे कॅमेरे ती वाचतात म्हणे. मी हटलो नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरत जिल्ह्यात कामरेजजवळ एका रुग्णवाहिकेत अशाच शूटिंगच्या नोटांच्या पेट्या सापडल्या होत्या, दर्शनी किंमत पंचवीस कोटींच्या वर. त्यांच्यावर तर ‘रिव्हर्स बँक ऑफ इंडिया’ असं ठसठशीत छापलेलं होतं.

त्या सीनच्या रात्री ३,००० सुट्या नोटा काढल्या होत्या. कोरड्या असताना त्या दोन किलो चारशे ग्रॅम भरतात. एरवी पॅकअपला मी नोटा मोजत नाही, तोलतो. गल्लीच्या दोन्ही तोंडांना घोट्याइतक्या उंचीची जाळी लावली, गटारांच्या झाकणांवर काळं कापड पसरून कडेने टेप मारली. टँकरने रस्ता भिजवला. हा ओलावा तासभरही टिकत नाही, प्रत्येक टेकआधी पुन्हा पाणी मारावं लागतं. बारीक हेझ, म्हणजे विरळ धूर, सोडला, लांबच्या कमानीत पिवळा लाइट ठेवला, जवळ आरजीबी म्हणजे रंग बदलणाऱ्या ट्यूबचा निळसर हिरवा. सेट लावणारे दोन सेटिंग दादा घोडीवरून (उंच शिडीवरून) ताटाने नोटा सोडत होते आणि फ्रेमच्या खालून ब्लोअर. शॉट सुंदर झाला. बॅग फाटते, नायक हसतो आणि दोघं नोटा ओंजळीने उधळतात, स्लो मोशनमध्ये. मॉनिटरभोवती टाळ्या पडल्या.

पॅकअपला तोलणं अशक्य होतं, कारण सगळ्या नोटा भिजलेल्या. ‘दादा, मशीन घेत नाहीये,’ म्हणून माझ्या हाताखालचा मुलगा मोजणीयंत्र घेऊन आला. ओली नोट रोलरला चिकटते, यंत्राचा काही दोष नाही. कॉश्च्यूमवाल्यांच्या टेबलावर इस्त्री फिरवून, मेकअपचे ड्रायर लावून नोटा सुकवल्या आणि हाताने मोजल्या. २,९३९ भरल्या. दुसऱ्या हाताने मोजल्या, तेवढ्याच. जाळ्या झटकल्या, गटारावरची कापडं उचलली, नटांच्या जॅकेटचे खिसे पाहिले.

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, ‘अरे सोड ना, साठ कागद आहेत. ओव्हरटाइम लागतोय.’ आमच्या धंद्यातलं हे वाक्य मला सहन होत नाही. बँकेत कॅशियर एका नोटेसाठी थांबतो. इथे लाखांच्या लेन्सवर ओरखडा आला तर चौकशी बसते, पण बाजारात जाऊ शकणारा कागद हरवला तर तो कागदच असतो.

दुपारी कॉश्च्यूमच्या मुलीने रील दाखवली. रस्त्यावरचे पादचारी म्हणून उभ्या केलेल्या ज्युनियरांमधले दोघं, तो आणि ती, मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ, हातात आमच्या नोटा. बॅलार्ड इस्टेटहून फोर्टमधून चालत गेले असणार, अजून उजाडायचं होतं. जागा त्यांनी बरोबर निवडली होती. २०१५ मध्ये तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा एवढी ओरड झाली की पुन्हा पिवळा उजेड आणावा लागला. रात्री आम्ही लाइटवर जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून जो रंग तयार करत होतो, तो तिथे फुकट पडलेला होता.

कोऑर्डिनेटरकडून नंबर घेऊन फोन केला. मुलीने उचलला. ‘दादा, त्याच्यावर शूटिंगसाठी म्हणून लिहिलंय ना? कोण फसणार?’ मी रागावलो नाही, पण स्पष्ट बोललो. ‘अगं, खोटी नोट बँकेत कोण घेऊन जातं? ती रात्री, गर्दीत, भाजीवालीच्या ओल्या हातात चारचौघींत दुमडून जाते. अक्षरं वाचायला तिला वेळ असतो का? आणि वाटेत पोलिसाने बॅग उघडली असती तर तू काय सांगितलं असतंस?’ ती गप्प झाली. संध्याकाळी दोघंही येऊन ५८ नोटा देऊन गेले. तीन कठड्यावरून खाली टेट्रापॉडमध्ये, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत, उडाल्या, असं त्याचं म्हणणं. रीलमध्ये दोन उडताना दिसतात. तिसरीचा छडा मला लागलेला नाही.

नोटांपेक्षा ती रीलच डोक्यातून जात नाही. मुलगा आमच्या हिरोसारख्याच नोटा उधळतो. मुलगी हसते, मग वाऱ्याने नोटा पळायला लागल्यावर तिचं हसू थांबतं. एका नोटेवर ती चप्पल ठेवते, वाकते, उचलते, कुर्त्याला पुसते. सगळ्या गोळा झाल्यावर चेहरे एका बाजूला करते आणि गठ्ठ्याची कड तळहातावर ठोकून सरळ करते. कॅमेरा चालू आहे हे ती तेवढ्यापुरतं विसरलेली असते. तो अजून हसतोच आहे.

आमची नायिका धंद्याने नोटा मोजणारी आहे. दिवसभर हजारो नोटांचे चेहरे एका बाजूला करणारी बाई, पळून जातानासुद्धा, हातात आलेली नोट उलटी ठेवणार नाही. आणि नेमकं तेव्हा तिच्या लक्षात आलं पाहिजे की आपल्याबरोबरचा माणूस पैसे उधळतोय. अशा सिनेमात प्रेम किती उरलंय हे संवादावरून नाही कळत. बॅगेची मूठ कोणाकडे आहे आणि सांडलेलं कोण वेचतंय, त्यावरून कळतं. उधळण्याचा शॉट देखणा आहे, पण तो कुठल्याही दोघांचा असू शकतो.

दिग्दर्शकाला मी रील दाखवली आणि हे सगळं सांगितलं. त्याने ती पुन्हा पुन्हा पाहिली, मग म्हणाला स्लो मोशनची लय तुटेल. संकलक माझ्या बाजूने आहे. नायिकेने तर माझ्याकडून एक बंडल मागून नेलं आणि खऱ्या कॅशियरसारखं अंगठ्याने नोटा सरकवायचा सराव सुरू केला. पॅचवर्कचा, म्हणजे राहिलेले तुकडे टिपायचा, अर्धा दिवस मिळाला आहे, त्यात नुसत्या हातांचा एक क्लोजअप घ्यायचं ठरलंय, ठेवायचा की नाही ते एडिटवर. त्यासाठी तीनशे नोटा मोजून कपाटात कुलपात ठेवल्यात. बाकीच्या मॅनेजरच्या समोर श्रेडरमधून काढल्या आणि आकड्याखाली त्याची सही घेतली.