हेगेल यांची चौकट

रेल्वे अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा त्या काळी, म्हणजे 2016 पर्यंत, त्या दिवशी मराठी दैनिकाच्या डेस्कवर बाकीचं जग बंद असायचं. 26 फेब्रुवारी 2013 ला पवनकुमार बन्सल लोकसभेत भाषणाला उभे राहिले आणि आमच्याकडे दुपारपासून एकच धोशा सुरू झाला: महाराष्ट्राच्या वाट्याला काय? कुठली गाडी कुठपर्यंत वाढवली, कुठल्या मार्गाचं यंदाही नुसतं सर्वेक्षणच, प्रवासी संघटनेची प्रतिक्रिया कुणी घेतली? अशा दिवशी विदेशचं पान लावणारा माणूस म्हणजे लग्नघरात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला पाहुणा. त्या दिवशी तो मी होतो.

विदेशच्या पानाबद्दल लोकांना उगाच आदर असतो. एजन्सीच्या ढिगातून बातम्या उपसायच्या, मराठी करायच्या, मथळे द्यायचे, आणि संध्याकाळी जाहिरात विभागाचा फोन आला की त्यातल्या निम्म्या निमूटपणे फेकायच्या, एवढंच ते काम. त्या दिवशी मात्र एक बातमी फेकता येणार नव्हती. ओबामांनी संरक्षणमंत्रिपदासाठी सुचवलेले चक हेगेल यांचं 2011 मधलं, ओक्लाहोमातल्या कॅमेरॉन विद्यापीठातलं भाषण कुणीतरी उकरून काढलं होतं. अफगाणिस्तानच्या बाजूने पाकिस्तानला त्रास देण्यासाठी भारत पैसा पुरवत आला, असं ते त्यात म्हणाले होते. वॉशिंग्टनमधल्या आपल्या दूतावासाने लगेच त्याचं खंडन केलं. आणि त्याच दिवशी सिनेटमध्ये हेगेल यांच्या नियुक्तीवर मतदान होतं.

"भारताबद्दल बोललाय ना? मग घ्या," आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले. "आणि सोबत चौकट टाका. कोण हा माणूस. शंभर-सव्वाशे शब्द, जास्त नको."

चौकट एरवी पंधरा मिनिटांत होते. एजन्सीच्या बातमीच्या शेवटी पार्श्वभूमीचा परिच्छेद असतो, तो उचलायचा. त्यात होतं: नेब्रास्काचे माजी सिनेटर, 1997 ते 2009 अशा दोन मुदती, व्हिएतनाममध्ये सख्ख्या भावाबरोबर एकाच तुकडीत लढलेले, दोनदा जखमी झालेले, रिपब्लिकन असूनही इराक युद्धाचे कडवे टीकाकार. मी टंकत होतो आणि शेजारी बसणारे आमचे ज्येष्ठ सहकारी माझ्या पडद्याकडे बघत होते. या गृहस्थांना कालचा डबा कुणी आणला ते आठवत नाही, पण 1971 पासूनची सगळी मतविभाजनं तोंडपाठ. ते म्हणाले, "कडवे टीकाकार? अहो, 2002 ला बुशला मत दिलंय की त्याने."

मी सिनेटचं संकेतस्थळ उघडलं. तिथे नावानिशी झालेल्या प्रत्येक मतदानाला क्रमांक असतो, आणि कुणी कुठलं मत दिलं ते कुणालाही घरबसल्या बघता येतं. 11 ऑक्टोबर 2002, क्रमांक 237. इराकवर लष्करी बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव, 77 विरुद्ध 23. रिपब्लिकनांपैकी विरोधात गेले ते एकटे लिंकन चाफी. हेगेल 77 मध्ये. आमचे सहकारी खूश होऊन चहाला गेले. मत दिलं ते खरं, बाकी सगळी भाषणबाजी, हे त्यांचं लाडकं मत, आणि राजकारण्यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबरही ठरतं.

मी पुढे बघत गेलो. 17 ऑक्टोबर 2003, इराक आणि अफगाणिस्तानसाठी 87 अब्ज डॉलर, 87 विरुद्ध 12. हेगेल पुन्हा बाजूने. आणि 2005 मध्ये हेच गृहस्थ जाहीरपणे म्हणतात की व्हाइट हाउसचा वास्तवाशी संबंध तुटलाय आणि आपण इराकमध्ये हरतोय. जानेवारी 2007 मध्ये बुश यांनी आणखी साडेएकवीस हजार सैनिक पाठवायचं ठरवलं, तेव्हा हेगेल यांनी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांना समोर बसवून सुनावलं की हे अमलात आलं तर व्हिएतनामनंतरची ही सर्वात धोकादायक घोडचूक ठरेल. तोवर इराकमध्ये तीन हजारांवर अमेरिकी सैनिक मेले होते. त्याच महिन्यात परराष्ट्र व्यवहार समितीने जादा कुमकेला विरोध करणारा ठराव 12 विरुद्ध 9 ने मंजूर केला. त्या बारांत रिपब्लिकन एकच, हेगेल. सहकाऱ्यांना ते म्हणाले होते, सुरक्षित नोकरी हवी असेल तर जा आणि बूट विका.

इथवर गोष्ट सरळ होती. माणूस बदलला, एवढंच. गोंधळ झाला तो 5 फेब्रुवारी 2007 च्या नोंदीपाशी.

त्या दिवशी कुमकेला विरोध करणारा ठराव मुख्य सभागृहात घ्यायचा की नाही, यावर मतदान होतं. ठराव रिपब्लिकन वॉर्नर आणि डेमोक्रॅट लेव्हिन यांचा, आणि हेगेल त्याच्या पुरस्कर्त्यांपैकी. मतं 49 विरुद्ध 47. चर्चेला वाट द्यायला शंभरांपैकी साठ मतं लागतात, म्हणून ठराव अडकला. आणि विरोधातल्या 47 मध्ये नाव हेगेल. वॉर्नरही तिथेच. स्वतःच्याच ठरावाला अडवणारं मत!

मी पान ताजं करून पुन्हा बघितलं. तेच. मग त्या यादीत आणखी एक नाव दिसलं: हॅरी रीड, डेमोक्रॅट बहुमताचे नेते, म्हणजे ज्यांनी ही चर्चा घडवून आणायचा घाट घातला ते स्वतः. तेही विरोधात. रीड यांचं कोडं मला माहीत होतं आणि ते सुटलेलं बघायला मला अजूनही मजा येते. सिनेटच्या नियमानुसार हरलेल्या प्रस्तावाचा फेरविचार मागायचा, तर मागणारा जिंकलेल्या बाजूला असावा लागतो. म्हणून प्रस्ताव पडतोय असं दिसलं की बहुमताचा नेता शेवटच्या क्षणी आपलं मत फिरवून विरोधात टाकतो आणि दार उघडं ठेवतो. 14 फेब्रुवारी 2013 ला, हेगेल यांच्या नियुक्तीवरची चर्चा आवरून मतदानाला जाण्याचा पहिला प्रयत्न 58 विरुद्ध 40 ने फसला, तेव्हाही रीड यांनी नेमकं हेच केलं होतं. नोंद मात्र कोरडी असते: रीड, विरोधात. कारणाचा रकाना तिथे नसतो.

हेगेल आणि वॉर्नर यांचं कारण वेगळं होतं. अल्पमतातल्या पक्षाला आपले पर्यायी ठराव मांडू दिल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही, या आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या भूमिकेसोबत ते राहिले. दोनच दिवसांत त्यांनी आणखी काही रिपब्लिकनांसह पत्र लिहून कळवलं की आमचा ठराव आम्ही मिळेल त्या विधेयकाला जोडू. 17 फेब्रुवारीला, शनिवारी, सिनेट पुन्हा बसली. 56 विरुद्ध 34, पुन्हा साठ नाहीत. या वेळी चर्चेच्या बाजूने सात रिपब्लिकन होते आणि हेगेल त्यांत होते. 27 मार्चला सैन्य माघारीची मुदत युद्धखर्चाच्या विधेयकातून काढून टाकायची दुरुस्ती 48 विरुद्ध 50 ने पडली. पक्ष सोडून मुदतीच्या बाजूने उभे राहिलेले रिपब्लिकन दोनच, हेगेल आणि गॉर्डन स्मिथ. मेमध्ये बुश यांनी ते विधेयक नाकारलं, आणि मुदत नसलेलं नवं विधेयक 80 विरुद्ध 14 ने मंजूर झालं. विरोधातल्या 14 मध्ये ओबामा होते, हिलरी क्लिंटन होत्या. हेगेल नव्हते.

हे सगळं सव्वाशे शब्दांत. साडेआठ वाजले होते, सातारा-सांगलीकडे जाणारी डाक आवृत्ती डोक्यावर, आणि पानलावणीवाला मुलगा दर पाच मिनिटांनी "सर, चौकट?" म्हणत होता.

मराठी कॉपी नेहमी खालून कापली जाते, हे डेस्कवर आल्या आल्या शिकवतात. जाहिरात वाढली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या आधीचा. मी सालवार लिहिलं असतं तर 2007 गेलं असतं आणि उरले असते 2002 आणि 2003, म्हणजे युद्धखोर हेगेल. उलट लिहिलं असतं तर 2002 गेलं असतं आणि उरला असता शांतिदूत. म्हणून दोन्ही सालं पहिल्याच वाक्यात कोंबली: 'इराक युद्धाच्या अधिकाराला 2002 मध्ये होकार देणारे आणि 2007 मध्ये सैन्य माघारीच्या मुदतीसाठी स्वपक्षाविरुद्ध मत देणारे चक हेगेल...' वाक्य जड झालं, मान्य. पण ते कुणाला कापता येणार नव्हतं. मथळा दिला: 'आधी होकार, मग टीका'.

"यातून काय कळतं?" मुख्य उपसंपादक म्हणाले. "तो युद्धाच्या बाजूचा की विरोधातला, ते सांगा ना. वाचकाला एक काय ते हवं असतं."

वाचकाला एक काय ते हवं असतं, हे खरंच. एजन्सीलाही हवं असतं, अमेरिकेतल्या वाहिन्यांनाही. 31 जानेवारीच्या सुनावणीत रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी हेगेल यांना हेच विचारून घामाघूम केलं होतं. कुमकेबद्दल तुम्ही बरोबर होतात की चूक, हो की नाही? हेगेल यांनी हो-नाहीत उत्तर द्यायचं नाकारलं, इतिहास ठरवेल म्हणाले, आणि सगळीकडे बातमी झाली ती त्यांच्या अडखळण्याची.

रात्री अकराच्या सुमारास खरी गंमत. एजन्सीवर तातडीची ओळ: सिनेटमध्ये हेगेल, 71 विरुद्ध 27. रात्रपाळीच्या उपसंपादकाने टाळी वाजवली, "झाला मंत्री!" आणि शहर आवृत्तीसाठी मथळा टंकूनही टाकला. मी त्याला थांबवलं. ही मतं चर्चा आवरती घेण्यासाठीची होती, नियुक्तीची नव्हेत. नियुक्तीचं मतदान वॉशिंग्टनच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे पहाटे तीनच्या आसपास, तेव्हा आमचं छपाईयंत्र धावून थांबलेलं असणार. "पण आकडा तर आलाय," तो म्हणाला. इथे त्याच्याशी बराच वेळ वाद घालावा लागला, आणि त्यात मुख्य उपसंपादक त्याच्याच बाजूने होते. इतर दैनिकांत मथळा येईल आणि आपल्यात नाही, ही भीती कुठल्याही नियमापेक्षा मोठी असते. शेवटी 'हेगेल यांचा मार्ग मोकळा' यावर तडजोड झाली.

पहाटे घरी पोचून निकाल बघितला. 58 विरुद्ध 41. तेरा मतं गळाली होती! मॅकेन यांनी चर्चा आवरायला होकार दिला होता आणि नियुक्तीला नकार. रँड पॉल यांनी बरोबर उलट केलं: चर्चा आवरायला नकार, आणि नियुक्तीला होकार. कुणाचं 'मत' काय, हे फक्त एका नोंदीवरून सांगून दाखवा.

यातला सगळ्यात मासलेवाईक नमुना तेव्हा नुकतेच परराष्ट्रमंत्री झालेले जॉन केरी. 2004 च्या प्रचारात 'त्या 87 अब्जांना विरोध करण्याआधी मी त्यांच्या बाजूने मत दिलं होतं' असं ते म्हणाले आणि आयुष्यभराची टर ओढवून घेतली. पण त्यांच्या नोंदी काढून बघा. ज्या दुरुस्तीला ते 'बाजूने' म्हणत होते, श्रीमंतांची करसवलत थोडी कमी करून तो खर्च भागवायचा, ती बाजूला सारण्याचा प्रस्ताव 57 विरुद्ध 42 ने मंजूर झाला. दुरुस्तीच्या बाजूने असणाऱ्याला तिथे 'नाही' म्हणावं लागतं. म्हणजे केरी यांचा होकारही कागदावर 'नाही', आणि नकारही 'नाही'.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तर आपली पद्धत बरी. व्हिप आला की विषय संपला." त्यावर मात्र माझं त्यांच्याशी जमलं नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर आपल्या खासदाराने व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. बरंचसं कामकाज आवाजी मतदानाने होतं, नावच उरत नाही. इराकवरच्या हल्ल्याविरुद्धचा ठराव आपल्या लोकसभेने एप्रिल 2003 मध्ये एकमताने केला, त्यात कुणाच्या मनात काय होतं ते कधीच कळणार नाही. हेगेल यांचा घोळ निदान बघता तरी येतो, तारीख आणि क्रमांकासह.

ते 5 फेब्रुवारीचं मत मला अजून नीट लागत नाही. अल्पमताचा हक्क हे कारण खोटं नव्हतं, पत्र लिहिलं, बारा दिवसांत मत बदललं. पण ज्या युद्धात रोज माणसं मरतायत असं तुम्ही स्वतः छाती ठोकून सांगताय, त्याच्यावरची चर्चा कामकाजाच्या मुद्द्यावर अडवायची? सहकारी म्हणतात, पक्षाने कान पिळला. मला ते पटत नाही, कारण कान पिळून ऐकणारा माणूस दीड महिन्याने माघारीच्या मुदतीसाठी उभा राहत नाही. पण दुसरं पटण्यासारखं उत्तर माझ्याकडेही नाही.

चौकट छापून आली. शेवटची दोन वाक्यं कापलेली, पहिलं शाबूत. दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुटी होती. आर्थिक पाहणी अहवालाचा दिवस, म्हणजे विदेशच्या पानाचे पुन्हा हाल. 28 तारखेच्या अंकात डाव्या कोपऱ्यात एककॉलमी बातमी होती, कुणीतरी एजन्सीचा परिच्छेद जसाच्या तसा उचललेला: 'युद्धविरोधक हेगेल संरक्षणमंत्री'.