हलगी थंड व्हायच्या आत

मी सांगलीच्या एका वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवायचो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं, वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज साठवलेलं इलेक्ट्रॉनिक पॅड. ढोलकीवाले काका माझ्या शेजारीच बसायचे. एका जत्रेच्या कार्यक्रमाला आयोजकांनी पैसे वाचवायला काकांना नको म्हणून कळवलं. पॅडमध्ये ढोलकी आहेच की, म्हणाले. लावणीला मी पॅडवर ढोलकी वाजवली. ठेका बरोबर, लय बरोबर. कार्यक्रम संपल्यावर नाचणारी ताई म्हणाली, "दादा, आज नाचायला उचलच मिळाली नाही." कारण मला माहीत होतं. पॅडच्या ढोलकीत डाव्या हाताचा घुमारा, म्हणजे दाबाने सूर चढवणारा घुमता आवाज, नव्हता. एकच 'धूम' होतं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजत होतं.

आमच्या धंद्याचं मूळ त्या रात्रीत आहे. आज आम्ही चौघं आहोत: मी, माझी बायको, प्रोग्रामिंग करणारा भाचा आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारा एक मित्र. संगणकावर संगीत करणाऱ्यांसाठी आम्ही आपल्या मातीतली वाद्यं तयार करतो. वाद्याचा प्रत्येक बोल हलक्या हातापासून जोरकस हातापर्यंत वेगवेगळ्या पातळ्यांवर रेकॉर्ड करायचा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचा. पट्टी किती जोरात दाबली हे मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातली संकेतांची भाषा, १ ते १२७ या आकड्यांत सांगते, त्यावरून सॉफ्टवेअर बोल निवडतं. एकाच जोराचे पाच-सहा नमुनेही ठेवावे लागतात आणि ते आळीपाळीने वाजवावे लागतात. नाहीतर भराभर वाजवताना तोच तो आवाज मशिनगनसारखा कानावर आदळतो.

पहिला संच अर्थातच काकांच्या ढोलकीचा. असं रेकॉर्डिंग शिकवणारे सगळे सांगतात तसंच केलं: एक थाप, आवाज पुरता विरेपर्यंत शांतता, मग दुसरी थाप. काका दोन दिवस न कंटाळता बसले. आवाज स्वच्छ आले, पण जोडून वाजवले की निर्जीव वाटायचे. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे सगळे बोल थांबलेत. माझा हात थांबत नसतो."

त्यांचं म्हणणं खरं होतं. डाव्या पुडीवर थाप पडते आणि तळव्याचा दाब आवाज चालू असतानाच सूर वर चढवतो. तो किती आणि किती वेळात चढवायचा हे पुढची थाप कधी येणार त्यावर ठरतं. सुट्या थापेला पुढची थापच नसते, मग घुमारा येणार कुठून? आम्ही सगळं रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं. कानात लय देऊन काकांना वेगवेगळ्या गतींत ठेके वाजवायला लावले आणि त्यातून बोल कापून काढले. हे कापण्याचं काम बायकोचं. आमच्यात सगळ्यांत तयार कान तिचा. पुढची थाप कधी येईल हे सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून भाच्याने आधीच्या थापांमधलं अंतर मोजून घुमाऱ्याची लांबी निवडायची युक्ती केली. वादकाने अचानक लय बदलली तर ती अजूनही एखादी थाप चुकते. त्यावर काम चालू आहे.

हलगीने मात्र आम्हाला खरं शिकवलं. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते, हे गावाकडच्या कुणालाही ठाऊक आहे. तापली की कातडं ताणतं आणि आवाज टणक होतो. हलगीवाले मामा अंगणात पाचट पेटवून हलगी शेकायचे, धावत आत यायचे, आणि आम्ही दार लावून रेकॉर्डिंग सुरू करायचो. काही मिनिटांतच सूर उतरू लागायचा. पुन्हा अंगण, पुन्हा जाळ. पावसाळी हवेत तर आणखीच लवकर. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळं वाया गेलं: एकाच बोलाचे चाळीस नमुने आणि चाळीस सूर. रात्री बायकोने ते सुरानुसार ओळीने लावले आणि मला ऐकवले. तापलेल्या हलगीपासून निवलेल्या हलगीपर्यंतचा सगळा प्रवास त्यात होता. आम्ही काहीच फेकलं नाही. त्या संचात आता स्क्रीनवर फिरवायची एक खुंटी आहे, तिचं नाव 'ताव'. उजवीकडे फिरवली की हलगी जाळावरून नुकती उतरलेली, डावीकडे फिरवली की मिरवणूक संपत आलेली.

त्याच दिवशी चहा घेताना मामांनी विचारलं, "माझा हात तुम्ही डब्यात भरून ठेवताय. उद्या मला कोण बोलावणार?" जत्रेला नको म्हणून कळवलेले काका मला आठवले. मामांना एकरकमी मानधन देऊन मोकळं व्हायचा आमचा बेत होता, तो तिथेच सोडला. तेव्हापासून प्रत्येक संचाच्या विक्रीतला ठरलेला वाटा वादकाला जातो, दर सहा महिन्यांनी हिशेबासकट. विकत घेणाऱ्याला वादकाचं नाव दिसतं, आणि मैफलीला प्रत्यक्ष बोलवायचं असेल तर आम्ही गाठ घालून देतो. रक्कम मोठी नसते, पण मामांच्या प्रश्नाला मला सुचलेलं प्रामाणिक उत्तर हेच.

म्हणून आमच्या आवाजांची चोरी मनाला जास्त लागते. एका स्टुडिओतून बाहेर पडलेल्या गाण्यात मी आमची हलगी ओळखली. मामांच्या त्या हलगीच्या काठाला बारीक चीर होती, जोरकस बोलाला ती झणझणते. आमच्याकडे त्या स्टुडिओची खरेदी नव्हती. फोन केला, तर पेन ड्राइव्हवर कुणीतरी दिलं होतं म्हणाले. पैसे आजपर्यंत आले नाहीत, आणि त्यात मामांचाही वाटा होता.

तानपुऱ्यासाठी लांब जावं लागलं नाही. मिरज शेजारीच, आणि तिथला सतारमेकरांचा वारसा दीडशे वर्षांहून जुना. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आधी आम्ही एकेक तार वेगळी, बाकीच्या दाबून धरून रेकॉर्ड केली. चारही एकत्र केल्या, तर तानपुरा भरेचना. एक तार छेडली की उरलेल्या तारा आपोआप जाग्या होतात, आणि नेमकं तेच आम्ही दाबून टाकलं होतं. मग सगळ्या तारा मोकळ्या ठेवून पुन्हा केलं. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा केसभर सरकला तरी आवाज बदलतो, म्हणून जुळवणारे चाचा पूर्ण वेळ जवळ बसून होते. मिरज जंक्शनच्या गाड्या रात्रभर चालू, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत काम करायचं. तार वीस सेकंद घुमते, तेवढ्यात भोंगा झाला की परत पहिल्यापासून.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरलं. संगणक गेला, दोन ढोलक्या भिजून फुगल्या, पुड्या उकलल्या. मूळ रेकॉर्डिंगची प्रत पुण्याला मित्राकडे होती म्हणून वाचलो. काम आता पहिल्या मजल्यावर चालतं.

सध्या संबळ घेतलाय, एक लहान आणि एक मोठा अशी जोडी. गोंधळी दादा आधी संबळाला हात जोडतात, मग काठ्या उचलतात. बसून वाजवा म्हटलं तर हात खुलत नाही. संबळ कमरेला बांधून उभं राहायचं, आणि उभं राहिलं की अंग डुलणारच. दर डुलण्याबरोबर माइकपासूनचं अंतर बदलतं. काल भाच्याने संबळाच्या कडेलाच दोन छोटे माइक अडकवून पाहिले. धाकट्या संबळाचा आवाज छान आला, मोठ्याचा अजून फाटतोय. उद्या फोमची जाडी बदलून बघायची आहे, आणि दादा सकाळी आठलाच येणार आहेत.