दोन बासऱ्या, एक गिटार आणि तो डफवाला

शेवटी एकदाचं फ्लूक या आयरिश म्युझिकवाल्या बँडला लाइव्ह ऐकलं! इतकी वर्षं हेडफोनवर ऐकतोय की सगळं पाठ आहे असं वाटत होतं, तो गैरसमज पहिल्या दहा मिनिटांत उतरला.

माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. चार जण आहेत. ब्रायन फिनेगन फ्लूट आणि व्हिसल (उभी धरायची छोटी बासरी), सारा अ‍ॅलन अल्टो फ्लूट आणि अकॉर्डियन, एड बॉइड गिटार, जॉन जो केली बाउरॉन (म्हणजे आयरिश डफ; स्पेलिंग बघाल तर 'बोधरान' वाचाल, मीही कित्येक वर्षं तेच म्हणायचो). गाणारं कुणी नाही, आणि आयरिश म्हटलं की जे फिडल (व्हायोलिनच) आपण गृहीत धरतो तेही नाही. सुरुवातीला तर मायकेल मॅकगोल्ड्रिक धरून तीन फ्लूटवाले होते. 2008 ला बँड थांबला, 2013 ला परत एकत्र आले, आणि 2005 च्या 'हेवन'नंतरचा स्टुडिओ अल्बम 'अँकोरा' आला डायरेक्ट 2019 ला, म्हणजे चौदा वर्षं आम्ही तेच तेच ऐकत बसलो.

आता खरी गंमत. या म्युझिकचा साचा अगदी साधा आहे, ट्यूनचे दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), प्रत्येक दोनदा, झाले बत्तीस बार. असं दोन-तीन वेळा वाजवायचं आणि न थांबता पुढच्या ट्यूनमध्ये उडी मारायची. जिग (नाचाच्या ट्यूनचा एक प्रकार) असेल तर तीन-तीन अशा सहा मात्रा, आपल्या दादऱ्यासारख्या, त्यामुळे पाय आपोआप हलायला लागतो. पण सगळा खेळ त्या उडीत आहे. रेकॉर्डिंगमध्ये ती कधी येणार हे माहीत असतं, समोर बसल्यावर मात्र दिसतं की फिनेगन नुसती मान वर करतो, बॉइडचा कॉर्ड अर्धा क्षण आधीच सरकतो आणि अख्खा हॉल एकदम 'ओहो' करतो. मीपण केलं, लाज न बाळगता.

साराबद्दल कमी बोललं जातं असं मला कायम वाटतं. अल्टो फ्लूट साध्या फ्लूटपेक्षा सा पासून खालच्या प एवढी खाली, ती खालून लांब सूर धरून ठेवते किंवा छोटे छोटे तुकडे टाकते, बास गिटार नसल्याची आठवणच होत नाही.

आणि केली! लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं आणि एक छोटी काठी, बस. पण दुसरा हात कातड्याच्या मागे असतो, तो दाबत सरकवत आवाज असा वर-खाली नेतो की डग्ग्याची घसीट आठवते. मी फ्लूटकडे बघायचं सोडून त्या मागच्या हाताकडेच बघत बसलो, जेवढा दिसत होता तेवढा.

तक्रार एकच, साउंडवाल्याने गिटार फार दाबली होती. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, वाजवा, पण निदान तालात तरी!

घरी आल्यावर झोप येईना, मग स्टीलचं ताट उभं धरलं, मागून तळहात दाबला आणि पेन्सिलने सहा-सहा वाजवत बसलो. आवाज बदलतो. थोडासाच, पण बदलतो. बायको उठून आली तेव्हा मी दुसऱ्या भागापर्यंत पोचलो होतो.