पोराचं नाव ऑनलाइनला घालायचं, मग शाळेतून काढायचं काय?

राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका बाजारात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, गॅसची केवायसी असली कामं चालतात, आणि मे-जून आला की सगळी शाळेची गर्दी. हल्ली या गर्दीत एक प्रश्न सारखा येतो. कोणीतरी आई किंवा बाबा हळूच विचारतात, काकी, आमच्या पोराचं नाव शाळेतून काढून ऑनलाइनला घालता येईल काय? बहुतेक वेळा हे डोक्यात घातलेलं असतं मुंबईच्या काकाने नाहीतर मामाने, शिमग्याला आला आणि सांगून गेला की आता सगळं मोबाइलवर शिकता येतं, गावच्या शाळेत काय ठेवलंय. आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्या माणसाचं चुकत काही नसतं, कारण हायस्कूलला गणिताचे सर नाहीत हे त्याला दिसतंय, अकरावी सायन्स घ्यायचं तर रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर, म्हणजे होस्टेल, म्हणजे खर्च, आणि मुलगी असेल तर घरात आजी नको म्हणते.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. फॉर्म भरायला मला दहा मिनिटं पुरतात, पण त्यामागचा निर्णय मुलाच्या पुढच्या कितीतरी वर्षांचा असतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. एक आहे पूर्णवेळ, म्हणजे शाळेतून दाखला काढायचा आणि मुक्त विद्यालयात नाव घालायचं. दुसरं अर्धवेळ, म्हणजे मूल आहे त्याच शाळेच्या पटावर राहतं, रोज शाळेत जातं, आणि एखाद-दुसरा विषय ऑनलाइन करतं. लोक या दोन्हींना ऑनलाइनच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पूर्णवेळचे आपल्याकडे मुख्य रस्ते ठरलेले आहेत. केंद्राचं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, १९८९ पासून आहे. दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, बारावीला १५, वरची वयाची अट नाही, एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, पाचवी, आठवी, दहावी, बारावी या टप्प्यांचं. आणि जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच, बाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा, जो आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी भरलाय. आता लक्षात घ्या, यातलं काहीच रोज सकाळी मोबाइल उघडला आणि मास्तर समोर आले असं नाही. एनआयओएसची पुस्तकं मिळतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात, अभ्यासकेंद्रावर थोडे तास होतात, व्हिडिओ आहेत, पण अभ्यास मुलाने स्वतःच करायचा असतो. नाव ऑनलाइन नोंदवता येतं म्हणून लोकांना वाटतं शिकवणंही तसंच असेल.

हा रस्ता वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्याकडे बोटीवर जाणारी मुलं आहेत, बाप गेला म्हणून आठवीत शाळा सुटली आणि ट्रॉलरवर लागला, तो आता एकोणीस-वीसचा आहे आणि दहावी पास हवी म्हणून येतो. लग्न होऊन आलेल्या मुली येतात, अंगणवाडीत नाहीतर बचतगटात पुढे जायचंय, बारावी राहिलीय. आजारपणात वर्षं गेलेलं एखादं मूल असतं. यांच्यासाठी मुक्त विद्यालय म्हणजे मोठा आधार आहे, आणि असं कोणी आलं की मी बाकीचं काम बाजूला ठेवून त्यांचा फॉर्म भरते, फोटो सही सगळं स्वतः स्कॅन करून देते.

पण चांगलं आठवीत शिकणारं, शाळेत जाणारं पोर तिथून काढून घरी बसवायचं, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

पहिलं कारण अभ्यासाचं. अमेरिकेत हे पूर्णवेळ ऑनलाइन शाळांचं प्रकरण आपल्या कितीतरी आधी सुरू झालं. तिथल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण वेगळ्या संस्थांनी चालवलेल्या शाळांचा, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या केंद्राने अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो बाहेर आला. साधारण तशाच घरच्या, तशाच मार्कांच्या, नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या मुलांशी तुलना केली तर ऑनलाइन मुलं वाचनात वर्षाला ७२ दिवसांच्या अभ्यासाइतकी मागे आणि गणितात १८० दिवसांइतकी. त्यांचं शाळेचं वर्षच १८० दिवसांचं धरलंय, म्हणजे गणितात अख्खं वर्ष वाया गेल्यासारखं. ही सरासरी आहे, एखादं पोर याला अपवाद असेलही, पण ज्या देशात घरोघरी इंटरनेट आणि लॅपटॉप आहे तिथे हे झालं तर आमच्या वाडीत, जिथे रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं, तिथे काय होईल ते सांगायला नको. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे लाईटशिवाय होती आणि त्याच महिन्यात ऑनलाइन शाळा सुरू करा म्हणून सांगितलं जात होतं. सिंधुदुर्गात त्या पावसाळ्यात एक मुलगी डोंगरावर खोप बांधून लेक्चर ऐकत होती, तिच्या जिद्दीचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि ते करायलाच हवं होतं, पण शिकण्यासाठी कुठल्याही मुलीला भर पावसात डोंगरावर बसायला लागू नये असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरं कारण पटाचं. हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही पण आमच्याकडे प्रत्येक पालकसभेत यावरच बोलणं असतं. शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे सरकारच्या पदमंजुरीत ठरतं, आणि संचमान्यता पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर. आमच्या शाळांचा पट आधीच कमी, अर्धी वाडी मुंबईला, घरं बंद. २०२२ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, मग समूह शाळांची, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा एकत्र करायची चर्चा सुरू झाली, संचमान्यतेचे निकष बदलणाऱ्या मार्च २०२४ च्या जीआरनंतर तर मुख्याध्यापकांची झोपच उडाली. अशा वेळी तीन-चार घरांनी मुलांचे दाखले काढले तर एक पद जाऊ शकतं, ते गेलं की आणखी दोन घरं म्हणतात आता इथे ठेवून काय उपयोग, आणि शेवटी जे उरतात ते सगळ्यात गरीब घरातले असतात, ज्यांना ना मोबाइल ना मुंबईचा मामा. त्यांनी पावसाळ्यात पऱ्या ओलांडून पुढच्या गावच्या शाळेत जायचं. तुमच्या मुलाचा दाखला हा फक्त तुमच्या मुलाचा नसतो, हे मी केंद्रावर तोंडावर सांगते आणि काही लोकांना ते आवडत नाही, पण सांगते.

मग गणिताच्या सरांचं काय? तो प्रश्न खराच आहे ना. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्या झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या शाळांतले शेकडो शिक्षक एकदम आपापल्या जिल्ह्यात गेले, मग रिटायर शिक्षकांना महिना वीस हजारावर बोलवायचं ठरलं, काही आले काही नाही आले. हायस्कूलची गोष्ट वेगळी पण तिथेही गणित-विज्ञान-इंग्रजीची जागा रिकामी राहिली की राहिलीच. इथे मला अर्धवेळवाला रस्ता पटतो, मनापासून पटतो.

माझी मावसबहीण मिशिगनला असते, तिची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत आहे. तिथे २०१३ पासून कायदा आहे, सध्या सहावी ते बारावीच्या सरकारी शाळेतल्या मुलाला एका सत्रात दोन ऑनलाइन कोर्स मागता येतात, पालकांची संमती लागते, आणि फी एका मर्यादेपर्यंत शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था भरते, आईबाप भरत नाहीत. मूल पटावर शाळेच्याच राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑनलाइन शिकवणारा शिक्षक लांब कुठेतरी असला तरी मुलाच्या शाळेतल्या एका माणसाला त्याचा मेंटॉर म्हणून नेमावं लागतं, म्हणजे पोर कोर्सला बसतंय का, कुठे अडलंय का, हे बघणारं कोणीतरी त्याच छपराखाली असतं. एवढं करूनही तिथे ऑनलाइन विषयात पास होण्याचं प्रमाण वर्गातल्या विषयांपेक्षा कमीच आहे, पण एक-दोन विषय घेणारी मुलं ढीगभर विषय घेणाऱ्यांपेक्षा बरी करतात. फ्लोरिडात १९९७ पासून सरकारी व्हर्च्युअल स्कूल आहे, तिथे पूर्णवेळही आहे आणि एकेक विषय घ्यायचीही सोय आहे, आणि मुलाने कोर्स नीट पूर्ण केला तरच त्या शाळेला सरकारकडून पैसे. नुसतं नाव घातलं म्हणून नाही! हे मी दोनदा वाचलं, कारण आपल्याकडे ॲपवाले घरी येऊन आधी पूर्ण पैसे घेतात, वर हप्ता बांधून देतात आणि मूल शिकलं की नाही विचारायला कोणी परत येत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एका घराने आंब्याच्या पैशातून असा कोर्स घेतला, टॅब मिळाला, दोन महिन्यांत तो टॅब फक्त गेम खेळायला उरला आणि हप्ते चालूच.

आपल्याकडे अर्धवेळसाठी काय आहे? केंद्र सरकारचं स्वयं पोर्टल २०१७ पासून आहे, नववी ते बारावीचे कोर्स आहेत, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, अकाउंट्स, भूगोल, नाव घालायला पैसे लागत नाहीत. दीक्षा हे सरकारी ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं मराठीतलं साहित्य उघडतं, पण तो वर्ग नाही, तिथे मूल काय शिकलं ते बघायला शिक्षक नसतो. स्वयं पोर्टलवर शालेय कोर्स जवळजवळ इंग्रजीतच, आपली मराठी माध्यमाची अकरावीची मुलगी पहिल्या व्हिडिओलाच घाबरते. आणि तिने नेटाने पूर्ण केला तरी बोर्डाच्या मार्कशीटवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मुलं सोडून देतात.

मला वाटतं यावर उपाय बाहेरून आणायची गरजच नाही. कोकण बोर्ड दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, म्हणजे शिकवणारी माणसं या दोन जिल्ह्यांत आहेत. लांज्याच्या, देवगडच्या एखाद्या हायस्कूलमधल्या चांगल्या गणिताच्या बाई आठवड्यातले चार तास ऑनलाइन घेतील आणि जिथे गणिताची जागा रिकामी आहे अशा तीन-चार शाळांतली मुलं आपापल्या वर्गात बसून तो तास करतील, मराठीत, आपल्याच पुस्तकावर, प्रश्न विचारला की नावाने उत्तर मिळेल. त्या बाईंच्या कार्यभारात हे तास धरा, मानधन द्या. शाळेतला दुसरा कुठलाही शिक्षक त्या वेळी वर्गात बसेल, मराठीचे सर बसले तरी चालेल, त्यांनी गणित शिकवायचं नाहीये, फक्त मुलांकडे लक्ष द्यायचंय आणि वह्या बघायच्यात. बऱ्याच हायस्कूलमध्ये कॉम्प्युटरची खोली आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे. ती उघडा, इन्व्हर्टर बसवा, पावसात लाईट जाणारच हे धरून चालून तासाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवा. घरच्या मोबाइलवर हे सोडू नका, कारण घरात एकच मोबाइल असतो, तो बाबांबरोबर बोटीवर नाहीतर बागेत गेलेला असतो, आणि दोन भावंडं असतील तर तो कोणाला मिळतो हेही मला माहितीये, मुलीला मिळत नाही.

नाव घालतानाची पण काही कामाची गोष्ट सांगते, कारण माझं रोजचं काम ते आहे. ओटीपी ज्या नंबरवर येणार तो नंबर आईचा किंवा बाबांचा द्या आणि तो पुढची पाच वर्षं बंद करू नका, मुंबईच्या भावाचा देऊ नका, तो मीटिंगमध्ये असतो आणि इकडे फॉर्मची वेळ संपते. मुलाचा ईमेल काढला की पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळतंय का ते आधी बघा, आमच्याकडे आडनाव एकीकडे आणि दुसरीकडे गावावरून पडलेलं नाव असे घोळ खूप आहेत आणि ते बारावीच्या फॉर्मच्या वेळी निस्तरायला गेलं की रडायची वेळ येते. आणि मुक्त विद्यालयात घालायचंच असेल तर शाळेतून दाखला काढण्याआधी मुख्याध्यापकांशी बसून बोला, त्या अभ्यासक्रमात तुमच्या मुलाला पुढे हवे ते विषय आहेत का, जवळचं परीक्षाकेंद्र कुठे पडतं, हे विचारा. दाखला एकदा हातात आला की परत त्याच वर्गात जाणं वाटतं तेवढं सोपं नसतं.

जुलैत आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. मी समितीवर आहे आणि शेजारच्या तीन हायस्कूलला मिळून एक ऑनलाइन गणिताचा तास हा विषय मी अजेंड्यावर द्यायला सांगितलाय, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनाही बोलावलंय. गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन टाइप करून ठेवलंय, त्यात मागण्या दोनच आहेत, शिकवणाऱ्या शिक्षकाचे तास कार्यभारात धरावेत आणि कॉम्प्युटर खोलीला इन्व्हर्टर मिळावा. कोणाच्या शाळेत असं काही चालू असेल, चिपळूणकडे, गुहागरला, मालवणात, कुठेही, तर खाली लिहा, वेळापत्रक कसं बसवलं आणि मुलं टिकली का ते सांगा, मी ते बैठकीत वाचून दाखवीन. आणि ज्यांना निवेदनाची प्रत हवीय त्यांनी केंद्रावर या, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.